तिसऱ्या सहीची जागा

आमच्या प्रसूतिगृहात सगळ्यांत जास्त जपलेली वस्तू म्हणजे बाळंतिणी नव्हेत आणि बाळंही नव्हेत. ती वस्तू म्हणजे शेरेबुक. लाल कापडी पुठ्ठ्याची, जाड कागदाची वही. ती मोठ्या बाईंच्या टेबलावर रेशमी फडक्याखाली असायची. पाहुणा आला की वही पुढे, दौत पुढे, आणि त्याने लिहायचं की व्यवस्था उत्तम, स्वच्छता वाखाणण्यासारखी, चालकांना धन्यवाद. बाळंतीण घरी निघाली की तिच्या नवऱ्यानेही तेच लिहायचं. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या वतीने मोठ्या बाई स्वतः लिहीत, आणि तो शेरा सगळ्यांत लांबलचक असे.

चौतीस साल असेल, नाहीतर पस्तीस. मी हरसूलहून नाशकात नर्सिंग शिकायला आले होते. वडील शाळामास्तर, माझं लग्न जमत नव्हतं, आणि घरात बसून मला वीट आला होता. अठरा महिने शिकायचं आणि मग सर्टिफिकेट, असा करार होता. त्यावर अध्यक्ष, चिटणीस आणि मेट्रन अशा तिघांच्या सह्या. तो कागद हातात आला की बाई स्वतःच्या पायावर उभी राहते, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. त्यानंतरचे अठरा महिने, त्या पायावर उभं राहायची लायकी आमच्यात कशी नाही, हे सांगण्यात गेले.

संस्था चालवायची ती कमिटी. तिचे अध्यक्ष एक रावसाहेब. पदवी मिळाल्यापासून त्यांनी मान वळवणं सोडलं होतं. कुणी हाक मारली तर ते अंगासकट वळत. चिटणीस एक वकील. आवाज भरदार, आणि त्या आवाजावर त्यांचं स्वतःचं इतकं प्रेम की साधं ‘या, बसा’ म्हणतानाही कोर्टात उभं असल्यासारखे बोलत. बाकीची मंडळी फोटोपुरती. ही माणसं महिन्यातून एकदा गंगेवरून, म्हणजे गोदाकाठाहून, फिरून येताना आत डोकवायची, चहा प्यायची आणि शेरेबुक चाळून समाधानाने घरी जायची. वॉर्डात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. तिथे वास येतो, असं त्यांच्यातल्या एकाने माझ्यासमोर सांगितलं होतं. बाळंतिणीच्या खोलीला अत्तराचा वास यावा अशी त्यांची अपेक्षा असावी.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मेट्रन. मुंबईला शिकलेल्या, छातीवर पिनने अडकवलेलं घड्याळ, आणि इंग्रजी फाडफाड. सिव्हिल सर्जन आला की त्याच्याशी त्या इंग्रजीत बोलायच्या आणि कमिटी बाजूला उभी राहून कृतार्थ व्हायची. बाईंच्या कामात खोट काढणारी मी नव्हे. अडलेली बाळंतीण त्या सोडवत तेव्हा पाहत राहावं असा हात होता. पण तोच हात आमच्या गालावरही तितक्याच सफाईने चालायचा. चिमटे उकळायला उशीर झाला तर गरम चिमटा मनगटाला लावून दाखवायच्या, ‘बघ, किती गार आहे ते.’ जेवणाची घंटा झाली की ज्या मुलीवर राग असेल तिला फरशी पुसायला लावायच्या. आणि हे सगळं शिस्त या नावाखाली. कमिटीला शिस्त फार आवडायची. ती लागायची दुसऱ्यांना.

आम्ही शिकाऊ मुली चौघी. त्यातली एक इगतपुरीची होती, माझ्याच खोलीत राहायची. तेराव्या वर्षी नवरा गेला, सासरच्यांनी डोकं भादरलं आणि सोवळी करून माजघरात टाकली. पाच-सहा वर्षांनी रेल्वेत कामाला असलेल्या तिच्या भावाने सासरशी भांडून तिला बाहेर काढलं आणि इथे आणून सोडलं. माझ्यामागून वर्षभराने ती आली तेव्हा तिच्या डोक्यावर जेमतेम एक बोट केस होते. डोक्याला बांधायचा पांढरा रुमाल ती इतका घट्ट बांधायची की कपाळावर वळ उठायचा. झोपतानाही काढायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “वाढू देत. मग काढीन. तोवर कुणी बघायचं नाही.”

हे मोठ्या बाईंनी हेरलं होतं. माणसाचं कुठे दुखतं ते नेमकं ओळखायचं कसब त्यांच्याकडे होतं. रोग्याच्या बाबतीत त्याचा उपयोग होई आणि आमच्या बाबतीत दुरुपयोग. इगतपुरीची चुकली की गालावर मारायचं नाही. रुमाल ओढून काढायचा आणि तिला तसंच उभं करायचं.

त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. वॉर्डात जुन्या नाशकातल्या एका पुस्तकं बांधणाऱ्या कारागिराची बायको होती, पहिलटकरीण. तिला मुलगी झाली, अशक्त आणि सारखी गार पडणारी. अशा बाळाच्या पायाशी गरम पाण्याची बाटली ठेवायची असते. पाणी किती गरम घ्यायचं, बाटली कोपराला लावून कशी बघायची, मग फलाणीत, म्हणजे मऊ लोकरी कापडात, कशी गुंडाळायची, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. त्या सकाळी इगतपुरीची पाळी होती. मोठ्या बाई फेरीला आल्या, बाटलीला हात लावला आणि ओरडल्या, “ही गार आहे! पोर मारायचंय का तुम्हाला?” मी शेगडीवरून आधणाची किटली उतरवत होते. बाईंनी ती माझ्या हातातून ओढून घेतली, बाटली स्वतः भरली, फलाणीला हात न लावता तशीच दुपट्यात सरकवली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. घाईत होत्या. चूक माणसाकडून होते, हे मी आजही म्हणते. पुढे जे केलं ती चूक नव्हती.

पोर किंचाळलं तेव्हा उजव्या पायाची बोटं भाजून निघाली होती.

अर्ध्या तासात कागद तयार झाला. बाटली इगतपुरीच्या मुलीने भरली, मेट्रनच्या सूचनेकडे दुर्लक्ष केलं, असा मजकूर. मोठ्या बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “तू तिथेच होतीस ना? सही कर. तुझे दोनच महिने राहिलेत सर्टिफिकेटला.”

मी सही केली. माझ्या वळणदार अक्षराचं वडिलांना कौतुक होतं. त्या दिवशीही ते वळणदारच आलं.

दुपारी भेटीच्या वेळी ओसरीवर नातेवाइकांची गर्दी असे. बाईंनी इगतपुरीच्या मुलीला तिथे उभं केलं, रुमाल ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “बाळ भाजणारी ही.” ती मान खाली घालून उभी राहिली. डोक्यावर तीन बोटं केस, कापणी झालेल्या शेतासारखे कमीजास्त. डांगसौंदाण्याकडची एक म्हातारी सुनेला बघायला आली होती. ती पुढे झाली आणि स्वतःच्या पदराने तिचं डोकं झाकायला लागली. “लय झालं बाई आता. पोरगी हाय ती, चोर नाय,” म्हणाली. मोठ्या बाईंनी तिला ओसरीवरून खाली घालवलं. मी खिडकीआड चादरींच्या घड्या घालत होते. त्या दिवशी मी नको इतक्या चादरींच्या घड्या घातल्या.

इगतपुरीची मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज लिहिला, आणि चिटणिसांच्या घरी जायला निघाली तेव्हा मीही मागोमाग गेले. का गेले कोण जाणे. लाज वाटत होती म्हणून असेल. चिटणीस झोपाळ्यावर होते. त्यांनी अर्ज हातात घेतला, पाठपोट बघितला आणि परत दिला.

“यावर मेट्रनचा शेरा नाही.”

“साहेब, अर्ज त्यांच्याविरुद्धच आहे,” ती म्हणाली.

“असेल. पण येतो मेट्रनच्या मार्फतच. तशी पद्धत आहे. आणि नोकरांच्या आपसातल्या कुरबुरीत कमिटी पडत नाही. तिथे देखरेखीला आम्ही मेट्रन नेमली आहे ना?”

“मग मेट्रनवर देखरेख कोणाची, साहेब?”

चिटणिसांनी झोपाळा थांबवला. हा प्रश्न त्यांना कायद्याच्या पुस्तकात कधी भेटला नसावा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आणि लेखी जबाब आहे की. या मुलीचाच ना?” मी पायरीवरच्या रांगोळीकडे बघत राहिले. तिने अर्जाची घडी केली आणि आम्ही परत आलो. रस्ताभर ती पुढे आणि मी मागे.

तिला काढून टाकायचं ठरलं, पण वार्षिक सभेनंतर. सभेला दहा-पंधरा दिवस होते. भिंतींना सफेदी, पडदे धुणं, रांगोळ्या, आणि रांगोळी तिच्याइतकी सुरेख कुणाचीच येत नव्हती. म्हणजे बाळांजवळ जायला नालायक, पण पाहुण्यांच्या पायाखाली मोर काढायला लायक. कमिटीच्या अकलेचा हा हिशोब मी पुष्कळांना सांगितला आहे, आणि कुणालाच तो नवलाचा वाटलेला नाही.

तो कारागीर रोज भेटीच्या वेळी यायचा. शांत माणूस, बोटांना खळ लागलेली. बायकोने त्याला सगळं सांगितलं होतं, कारण ती खाटेवर जागीच होती. तो रोज ऑफिसच्या दारात उभा राहून एकच विचारायचा, “इथले मालक कोण? मला भेटायचंय.” कारकून सांगायचा, मालक नाहीत, कमिटी आहे. “कमिटी कुठे भेटेल?” कमिटी अशी भेटत नसते. मग तो सलाम करून जायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचा.

दहाव्या दिवशी बायकोला न्यायला आला तेव्हा मोठ्या बाईंनी रिवाजाप्रमाणे शेरेबुक पुढे केलं. त्याने ते नुसतं उघडलं नाही. सवयीने हातात तोललं, आणि दोन पानांमधल्या शिवणीवरून अंगठा फिरवला. एका जागी थांबला, मग दुसऱ्या. मी औषधाची पुडी घेऊन तिथेच होते.

“उर्दूत लिहिलं तर चालेल ना, बाई?”

“चालेल की,” बाई हसून म्हणाल्या. वार्षिक सभेत दाखवायला हे बरंच होतं. “या कोऱ्या पानावर लिहा.”

“इथेच लिहितो. मेमसाहेबांच्या पाठीशी,” तो म्हणाला, आणि कलेक्टरच्या मडमेने ज्या पानावर दोन ओळी लिहिल्या होत्या त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. सावकाश, पान भरून. मोठ्या बाई त्या सुबक अक्षराकडे कौतुकाने बघत होत्या. त्यांना त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं.

सभेच्या दिवशी मांडव, खुर्च्या, हार. बायका एका बाजूला, आम्ही मुली त्यांच्या मागे उभ्या. शेरेबुकाचं जाहीर वाचन हा सभेतला मुख्य भाग असे. चिटणीस ते आधी कधी वाचत नसत. गरजच नव्हती, सगळे शेरे एकाच ठशाचे, आणि त्यांना फक्त आवाज लावायचा असे. त्यांनी मडमेचा शेरा दोनदा वाचला, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. टाळ्या झाल्या. पान उलटलं आणि ते थबकले. मग चेहरा उजळला.

“सभ्य स्त्रीपुरुषहो, आपल्या संस्थेची कीर्ती सर्व समाजांत कशी पसरली आहे पाहा! एका मुसलमान गृहस्थाने आपल्या भाषेत आपले गुणगान केले आहे.” त्यांनी पुढच्या रांगेकडे हात केला. “शेठ, आपण वाचून दाखवा. मराठीतून सांगा, सर्वांना कळू दे.”

शेठ म्हणजे नाशकातल्याच द्वारका भागात लाकडाची वखार असलेले एक वयस्कर, उर्दू जाणणारे गृहस्थ, संस्थेचे देणगीदार. त्यांनी चष्मा लावला, वही घेतली, आणि मनातल्या मनात वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

“वकीलसाब, वाचू ना नक्की?”

“वाचा, वाचा! मोठ्याने!”

शेठ उठून उभे राहिले आणि थांबत थांबत मराठीत सांगू लागले. “‘माझ्या मुलीचा पाय या घरात भाजला. बाटली मोठ्या बाईंनी स्वतः ठेवली, माझ्या बायकोने पाहिलं. शिक्षा दुसऱ्या मुलीला झाली. तिचा रुमाल काढून तिला लोकांसमोर उभं केलं. मी रोज येऊन विचारलं, मालक कोण. सांगितलं, मालक नाहीत, कमिटी आहे. चांगलं काही झालं तर त्याचे हार घालून घ्यायला कमिटी असते, आणि वाईट झालं तर कुणीच नसतं का? या वहीतली पुष्कळ पानं ब्लेडने कापलेली आहेत. मी पुस्तकं बांधतो, मला कळतं. हे पान कापता येणार नाही, म्हणून इथे लिहिलं.’”

मागे चहाचं आधण उकळत होतं. रावसाहेब अंगासकट चिटणिसांकडे वळले. चिटणिसांचा भरदार आवाज कुठेतरी जाऊन बसला होता. कमिटीची बाकीची मंडळी आपापल्या जोड्यांकडे बघत होती, जणू ते प्रथमच पायात आले होते.

“हा काहीतरी गैरसमज आहे,” रावसाहेब म्हणाले. “आपण नंतर...”

“नंतर नाही.” शेठ खाली बसले नाहीत. “बाईंना नेमलं कोणी? तुम्ही. मग जवाब पण तुम्हीच द्यायचा. मी उभा आहे.”

तेव्हा चिटणिसांना आवाज सापडला, आणि सापडला तो माझ्याकडे बोट करण्यापुरता. “लेखी जबाब आहे! ही मुलगी साक्षीदार आहे. काय गं, सही तुझीच ना?”

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मोठ्या बाईही. माझे तेव्हा सहा-सात आठवडे राहिले होते.

“सही माझी आहे,” मी म्हणाले. एवढंच खरं माझ्याच्याने बोलवलं.

बायकांच्या बाजूने एक बुरखा उभा राहिला. “बाटली इनोंनेच रखी,” कारागिराची बायको म्हणाली. “मैं पलंग पे थी, अंधी नहीं थी.” तिच्या कडेवर पायाला पट्टी बांधलेली पोर होती. मग मात्र माझ्या शेजारची मुलगी म्हणाली, हो, बाईंनीच. तिसरी म्हणाली, हो. आणि सगळ्यांत शेवटी मी म्हणाले, “किटली माझ्या हातातून घेतली.” धोका टळल्यावर खरं बोलणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्याबद्दल मला स्वतःविषयी जे वाटलं ते कमिटीविषयी वाटतं त्याहून फार वेगळं नाही.

रावसाहेबांनी मग दयाळू चेहरा केला. इगतपुरीच्या मुलीला पुढे बोलावून म्हणाले, “मुली, झालं गेलं विसर. तुला काय हवं ते सांग.”

ती पुढे गेली. वाटेत तिने रुमालाची गाठ सोडली, रुमाल काढून हातात घेतला, आणि तशीच त्या सगळ्यांसमोर उभी राहिली. “सर्टिफिकेट हवंय,” ती म्हणाली. “शिक्षण पुरं झालं की. आणि त्यावर मोठ्या बाईंची सही नको.”

“पण नमुना छापील आहे,” चिटणीस म्हणाले. “तीन सह्या लागतातच.”

“दोघांनी करा. तिसरी जागा कोरी सोडा.”

शेठ अजून उभेच होते. रावसाहेबांनी मान डोलावली.

आता पुढचंही सांगते, कारण लोकांना वाटतं की एवढं झाल्यावर काही झालं असेल. मोठ्या बाईंना कुणी काही विचारलं नाही. दीड वर्षाने त्यांनी राजीनामा दिला तेव्हा शाल-श्रीफळ देऊन निरोप झाला, कमिटीसह फोटो निघाला, आणि दुसऱ्या गावच्या दवाखान्यात त्या मेट्रन झाल्या, हातात रावसाहेबांचं शिफारसपत्र घेऊन. कारागिराची क्षमा कुणी मागितली नाही. त्या पोरीची दोन बोटं एकमेकांना चिकटली, ती तशीच राहिली. कमिटीने मात्र ठराव केला. झालेल्या प्रकाराबद्दल एकच ठराव, एकमताने: यापुढे शेरेबुकात शेरे फक्त मराठी वा इंग्रजीतच घ्यावेत.

इगतपुरीच्या माझ्या मैत्रिणीने पुढे पुष्कळ ठिकाणी नोकरी केली. जिथे अर्ज करी तिथे साहेब लोक सर्टिफिकेट हातात घेत आणि विचारत, ही तिसरी जागा कोरी का? ती सांगायची. बाटली, रुमाल, कमिटी, सगळं, कुणाचं काहीही न वगळता. दोन ठिकाणांहून तिला त्यापायी परत पाठवलं. तरी तिने कधी दुसरा कागद मागितला नाही. त्या जबाबावर कुणाची सही होती हेही ती सांगत असेल. सांगावंच तिने.

माझ्या सर्टिफिकेटावर तिन्ही सह्या आहेत. मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.